ब्लू-रे डिस्क प्लेअरवर नीट चालत नसेल तर: एन्कोडिंगची सेटिंग्ज तपासण्याचा क्रम

संगणकावर सुरळीत चालणारा व्हिडिओ ब्लू-रे डिस्कवर लिहून प्लेअरमध्ये घातला की पडदा काळाच राहतो, चित्र मध्येच थबकते किंवा आवाज येत नाही, असा अनुभव या कामाला नव्याने लागलेल्या बहुतेकांना येतो. अशा वेळी पहिला विचार येतो तो सगळा व्हिडिओ पुन्हा एन्कोड करण्याचा, म्हणजे दाबून नव्या स्वरूपात बदलण्याचा, आणि तोच सर्वांत महाग पडतो. दोन तासांच्या व्हिडिओचे दोन फेऱ्यांचे (आधी मोजणी, मग प्रत्यक्ष) एन्कोडिंग साध्या संगणकावर रात्रभर चालू शकते, आणि दोष मुळात आवाजाच्या ट्रॅकमध्ये किंवा डिस्क लिहिण्याच्या पद्धतीत असेल तर त्या रात्रभराच्या खटाटोपाने काहीही बदलत नाही. म्हणून दोष कुठे आहे हे आधी ठरवावे, स्वस्त तपासण्या आधी कराव्यात आणि पुन्हा एन्कोडिंग हा शेवटचा उपाय मानावा, असे माझे ठाम मत आहे. पुढील क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये फाइल चालली म्हणजे ती ब्लू-रेसाठी योग्य आहे, असे सिद्ध होत नाही. संगणकावरचा प्लेअर मिळेल तेवढी मेमरी आणि प्रोसेसर वापरून जवळजवळ कोणतीही फाइल उलगडतो, तर ब्लू-रे प्लेअरमध्ये ठरावीक क्षमतेची चिप, ठरावीक बफर आणि ठरावीक वेगाने डिस्क वाचणारी यंत्रणा असते. हे प्लेअर २००६ साली बाजारात आले, त्या काळच्या चिपना झेपतील अशा मर्यादा मानकात बांधल्या गेल्या आणि त्या आजही तशाच लागू आहेत. प्लेअरच्या यूएसबी पोर्टला लावलेल्या पेन ड्राइव्हवरून फाइल चालणे हाही पुरावा धरू नये, कारण तिथे डिस्कचे नियम तपासलेच जात नाहीत.

हा लेख नेहमीच्या, म्हणजे १०८० रेषांपर्यंतच्या ब्लू-रेपुरता आहे आणि त्यात एच.२६४ या कोडेकचा (व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतीचा) व एक्स२६४ या मोफत एन्कोडरचा विचार केला आहे. अल्ट्रा एचडी ब्लू-रेचे नियम वेगळे आहेत. तिथे एचईव्हीसी हा नवा कोडेक आणि १० बिट रंग चालतात, इथे दोन्ही चालत नाहीत. पर्यायांची नावे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. कमांड लिहिताना त्यांचे मूळ स्पेलिंग एन्कोडरच्या मदतीच्या यादीतून घ्यावे.

पायरी १: लक्षण नीट पाहा

प्लेअर डिस्क ओळखतच नसेल, किंवा चित्रपटाऐवजी नुसती फाइलींची यादी दाखवत असेल, तर व्हिडिओच्या सेटिंग्जना तूर्त हात लावू नये. तो दोष बहुतेक वेळा फोल्डरच्या रचनेत, फाइल सिस्टिममध्ये किंवा कोऱ्या डिस्कच्या प्रकारात असतो आणि त्यासाठी थेट पायरी ८ कडे जावे. डिस्क ओळखली जाते, वेळेचा आकडा पुढे सरकतो, पण पडदा काळा राहतो, अशी स्थिती असेल तर चित्राचा आकार, फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम), प्रोफाइल (कोडेकची कोणती वैशिष्ट्ये वापरली) किंवा लेव्हल (प्लेअरच्या डिकोडरवर किती भार पडतो याची पायरी) यांपैकी काहीतरी नियमाबाहेर आहे. चित्र छान सुरू होऊन फक्त धावपळीच्या, पाण्याच्या, धुराच्या किंवा गर्दीच्या दृश्यांत अडखळत असेल तर बफरच्या मर्यादा तपासाव्यात. पुढे-मागे जाताना चित्र भलत्याच ठिकाणी उतरत असेल किंवा काही क्षण गोठत असेल तर मुख्य फ्रेममधील (स्वतंत्रपणे उलगडता येणाऱ्या पूर्ण चित्रांमधील) अंतर जास्त आहे, असे समजावे. आवाज मुळीच नसणे आणि आवाज हळूहळू चित्राच्या मागे पडणे ही दोन वेगवेगळी दुखणी आहेत: पहिल्याचे कारण आवाजाच्या फॉरमॅटमध्ये असते, दुसऱ्याचे बहुधा फ्रेमरेटमध्ये.

चित्र अडखळत असेल तर आणखी एक गोष्ट कागदावर नोंदवावी, ती म्हणजे अडखळण्याची नेमकी वेळ. तीच डिस्क तीनदा लावली आणि तिन्ही वेळा चित्र त्याच सेकंदाला थांबले, शिवाय दुसऱ्या कोऱ्या डिस्कवर लिहिल्यावरही तेच झाले, तर दोष एन्कोडिंगचा आहे. थांबण्याची जागा दर वेळी बदलत असेल किंवा दुसऱ्या डिस्कवर दोष नाहीसा होत असेल, तर डिस्क किंवा लिहिण्याचा वेग यांच्याकडे पाहावे. एवढ्या एका तपासणीने पुष्कळदा निम्मे काम होते.

पायरी २: मूळ फाइलची माहिती काढा

मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडून त्यात मूळ फाइल आणि एन्कोड केलेली फाइल, दोन्ही टाकाव्यात. कोडेक आणि त्याचे प्रोफाइल, बिट डेप्थ (रंगाच्या दर मूल्याला किती बिट), क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती विरळ ठेवली), रुंदी व उंची, फ्रेमरेट स्थिर आहे की बदलता, चित्र प्रोग्रेसिव्ह (प्रत्येक फ्रेम पूर्ण) आहे की इंटरलेस्ड (एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांचे), आणि आवाजाचा फॉरमॅट व सॅम्पलिंग रेट, एवढी माहिती वाचावी.

फोनवर टिपलेल्या व्हिडिओंमध्ये दोन अडचणी हमखास आढळतात. त्यांचा फ्रेमरेट बदलता असतो, म्हणजे प्रकाश कमी झाला की फोन सेकंदाला कमी फ्रेम टिपतो. आणि नव्या फोनमधली नोंद अनेकदा एचईव्हीसीमध्ये, कधी १० बिट रंगात असते. संगणकाच्या पडद्याच्या रेकॉर्डिंगमध्ये तिसरी अडचण येते. तिथे रंगाची माहिती ४:४:४ स्वरूपात असू शकते. एफएफएमपेग या मोफत रूपांतर साधनाला पिक्सेल फॉरमॅट स्पष्टपणे सांगितला नाही, तर ते मूळ फाइलची बिट डेप्थ आणि रंगाचे स्वरूप शक्य तितके तसेच ठेवते. परिणामी एन्कोड झालेली फाइल 'हाय १०' किंवा 'हाय ४:४:४' या प्रोफाइलमध्ये निघते, संगणकावर उत्तम दिसते आणि ब्लू-रे प्लेअर मात्र तिच्यापुढे हात टेकतो. म्हणून पिक्सेल फॉरमॅट ८ बिटांचा ४:२:० असाच, कमांडमध्ये लिहूनच द्यावा, आणि तयार फाइलचे प्रोफाइल 'हाय' एवढेच दिसते ना, हे पाहावे.

पायरी ३: चित्राचा आकार आणि फ्रेमरेट

ब्लू-रेला वाटेल तो आकार आणि वाटेल तो फ्रेमरेट चालत नाही. ठरावीक जोड्याच चालतात. १९२० × १०८० या आकारात प्रोग्रेसिव्ह चित्रासाठी सेकंदाला २३.९७६ किंवा २४ फ्रेम, आणि इंटरलेस्ड चित्रासाठी २५ किंवा २९.९७ फ्रेम, एवढीच मुभा आहे. १२८० × ७२० आकारात २३.९७६, २४, ५० आणि ५९.९४ हे प्रोग्रेसिव्ह फ्रेमरेट चालतात. जुन्या टीव्हीच्या आकारांपैकी ७२० × ४८० ला २९.९७ आणि ७२० × ५७६ ला २५, दोन्ही इंटरलेस्ड, असे नियम आहेत.

नवशिक्यांची अडचण नेमकी इथे होते, कारण कॅमेरे आणि फोन सर्रास १९२० × १०८० आकारात २५, ३० किंवा ६० प्रोग्रेसिव्ह फ्रेम देतात आणि यांतली एकही जोडी यादीत नाही. २५ आणि ३० साठी मार्ग सोपा आहे. बदलता फ्रेमरेट आधी स्थिर करावा, ३० असेल तर तो २९.९७ करावा आणि एक्स२६४ चा 'फेक-इंटरलेस्ड' हा पर्याय लावावा. चित्र प्रोग्रेसिव्हच राहते, त्याची प्रत यत्किंचितही घटत नाही. फक्त प्रवाहावर इंटरलेस्ड अशी नोंद होते आणि प्लेअर तो स्वीकारतो. हा पर्याय माहीत नसल्यामुळे अनेक जण २५ फ्रेमच्या व्हिडिओतून फ्रेम गाळून तो २४ वर आणतात आणि कॅमेरा आडवा फिरताना बसणारे झटके ओढवून घेतात. तसे मुळीच करू नये.

५० आणि ६० फ्रेमच्या व्हिडिओसाठी मात्र निवड करावी लागते. खेळ, नृत्य किंवा वेगवान हालचाल असेल तर आकार १२८० × ७२० करून फ्रेमरेट ५० किंवा ५९.९४ ठेवावा, स्थिर निसर्गदृश्ये किंवा भाषण असेल तर पूर्ण आकार ठेवून फ्रेम निम्म्या कराव्यात आणि वरचा 'फेक-इंटरलेस्ड' मार्ग धरावा. खरोखरचे इंटरलेसिंग करून पूर्ण आकार आणि पूर्ण हालचाल दोन्ही राखता येतात, परंतु त्यात फील्डचा (एकाआड एक ओळींच्या अर्ध्या चित्रांचा) क्रम एकदा चुकला की हलणाऱ्या वस्तू पुढे-मागे थरथरू लागतात. त्यामुळे नवख्या माणसाने सुरुवातीला त्या वाटेला जाऊ नये, असे मला वाटते. १२८० × ७२० आकारात २५ किंवा २९.९७ फ्रेमचा व्हिडिओ असेल, तर प्रत्येक फ्रेम दोनदा घेऊन फ्रेमरेट दुप्पट करावा. तंतोतंत सारख्या फ्रेमला फारसे बिट लागत नाहीत.

आकाराच्या बाबतीत एवढेच, की रुंद पडद्याच्या चित्रपटाची १९२० × ८०० अशी कापलेली फाइल तशीच देता येत नाही. वर आणि खाली १४०-१४० रेषांच्या काळ्या पट्ट्या जोडून ती १०८० करावी लागते. फोनवर उभा टिपलेला व्हिडिओ ६०८ × १०८० करून डावीकडे व उजवीकडे ६५६-६५६ पिक्सेलच्या पट्ट्या जोडाव्यात.

पायरी ४: बफर आणि कमाल बिटरेट

ब्लू-रेच्या तक्रारींमध्ये सर्वांत जास्त गोंधळ या एका मुद्द्यावर होतो, म्हणून इथे थोडे सविस्तर लिहितो. डिस्कवरून आलेला व्हिडिओचा डेटा डिकोडरकडे जाण्यापूर्वी एका बफरमध्ये साठतो. हा बफर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखा असतो: पंपाचा वेग ठरलेला, टाकीची क्षमता ठरलेली आणि खालचा नळ मात्र दर फ्रेमला कमी-जास्त पाणी ओढणारा. ब्लू-रेच्या एच.२६४ व्हिडिओसाठी भरण्याचा कमाल वेग सेकंदाला ४०,००० किलोबिट आणि बफरची कमाल क्षमता ३०,००० किलोबिट आहे. याचा अर्थ रिकामा झालेला बफर पुन्हा काठोकाठ भरायला पाऊण सेकंद लागतो.

आता समजा, व्हिडिओचा सरासरी बिटरेट (दर सेकंदाला खर्च होणारे किलोबिट) २०,००० आहे, पण धबधब्याच्या एका दृश्यात एन्कोडरने सेकंदाला ७०,००० किलोबिट खर्च केले. बफर ४०,००० च्या वेगाने भरतो आहे, म्हणजे दर सेकंदाला ३०,००० ची तूट पडते आणि पूर्ण भरलेला बफरसुद्धा एका सेकंदात कोरडा होतो. पुढच्या फ्रेमचा डेटा वेळेवर पोहोचत नाही आणि चित्र थबकते. सरासरी कमी असल्याने इथे काहीच बचाव होत नाही. अडते ते केवळ त्या एका सेकंदाच्या शिखरापाशी. म्हणूनच 'मी तर बिटरेट कमीच ठेवला होता' ही तक्रार खरी असूनही डिस्क अडखळते.

उपाय म्हणजे एन्कोडरला या मर्यादा आधीच सांगणे. एक्स२६४ मध्ये 'व्हीबीव्ही-मॅक्सरेट' ४०००० आणि 'व्हीबीव्ही-बफसाइझ' ३०००० असे दोन आकडे द्यावेत. सीआरएफ (ठरावीक दर्जा राखण्याच्या) पद्धतीने एन्कोड करत असलात तरीही हे दोन्ही आकडे द्यायलाच हवेत, कारण नुसत्या सीआरएफमध्ये शिखरांवर कोणतेही बंधन नसते. घरी लिहिलेल्या डिस्कसाठी कमाल वेग ३५,००० ठेवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. चित्रात फरक सहसा दिसत नाही, आणि चित्र, आवाज व उपशीर्षके मिळून सगळा प्रवाह सेकंदाला ४८,००० किलोबिटच्या आत राहायला हवा हा दुसरा नियमही सहज पाळला जातो. असंपीडित ५.१ आवाजाचा २४ बिटांचा एक ट्रॅकच ६,९०० किलोबिटहून अधिक जागा घेतो, हे लक्षात घेतले की ही सावधगिरी अनाठायी वाटणार नाही.

एककांच्या बाबतीत एक सापळा आहे. एक्स२६४ स्वतः हे आकडे किलोबिटमध्ये घेते. एफएफएमपेगच्या स्वतःच्या 'मॅक्सरेट' आणि 'बफसाइझ' या पर्यायांत मात्र आकड्यानंतर किलोचे 'के' अक्षर लावले नाही तर तो आकडा नुसता बिटमध्ये धरला जातो. मग सेकंदाला अवघे ४०,००० बिट मिळतात आणि चित्राचे चौकोनी ठिगळे होतात. चित्र अचानक भयंकर खराब आले तर सर्वप्रथम हे अक्षर पाहावे.

एन्कोडिंग चालू असताना पडद्यावर उमटणाऱ्या ओळी वाचण्याची सवयही लावून घ्यावी. बफर कोरडा पडेल असे एन्कोडरला आढळले, तर तो 'व्हीबीव्ही अंडरफ्लो' असा इशारा देतो आणि त्यासोबत फ्रेमचा क्रमांकही छापतो. समजा क्रमांक ३४५६ आला. २४ फ्रेमच्या व्हिडिओत त्याला २४ ने भागले की १४४ सेकंद, म्हणजे २ मिनिटे २४ सेकंद ही जागा मिळते. पायरी १ मध्ये नोंदवलेली अडखळण्याची वेळ हीच किंवा हिच्या अगदी पुढची असेल, तर दोष सापडला असे समजावे. अशा वेळी सरासरी बिटरेट थोडा कमी करावा किंवा सीआरएफचा आकडा एक-दोनने वाढवावा.

मीडियाइन्फोमध्ये दिसणारा 'कमाल बिटरेट' हा अनेकदा एन्कोडरने जाहीर केलेला आकडा असतो, मोजलेला नसतो, हेही विसरू नये. वेगवेगळे एन्कोड केलेले तुकडे पुन्हा एन्कोड न करता जोडले, तर प्रत्येक तुकडा आपल्या सुरुवातीला बफर जवळजवळ भरलेला आहे असे गृहीत धरतो. जोडावर तसे नसेल, तर दोन्ही तुकडे निर्दोष असूनही चित्र तिथे अडखळू शकते.

पायरी ५: मुख्य फ्रेम, संदर्भ फ्रेम, स्लाइस आणि लेव्हल

पुढे-मागे जाताना प्लेअर जवळच्या मुख्य फ्रेमवर उतरतो. ब्लू-रेत दोन मुख्य फ्रेममध्ये जास्तीत जास्त एका सेकंदाचे अंतर चालते. कमाल बिटरेट १५,००० किंवा त्याहून कमी असेल तर दोन सेकंदांची सवलत मिळते. एक्स२६४ मध्ये काहीच सांगितले नाही तर हे अंतर २५० फ्रेमपर्यंत, म्हणजे २४ फ्रेमच्या व्हिडिओत दहा सेकंदांच्याही वर जाते. म्हणून 'कीइंट' हा आकडा फ्रेमरेटनुसार द्यावा: २३.९७६ किंवा २४ साठी २४, २५ साठी २५, २९.९७ साठी ३०, ५० साठी ५० आणि ५९.९४ साठी ६०.

आधी उलगडलेल्या किती फ्रेम डिकोडरने आठवणीत ठेवायच्या, यावरही मर्यादा आहे. ब्लू-रेची सर्वोच्च लेव्हल ४.१ आहे आणि तीत या साठवणुकीसाठी ३२,७६८ मॅक्रोब्लॉकची (१६ × १६ पिक्सेलच्या चौकोनांची) जागा मिळते. पूर्ण आकाराच्या एका फ्रेममध्ये ८,१६० मॅक्रोब्लॉक असतात, त्यामुळे जागेत चारच फ्रेम मावतात. एक्स२६४ चा 'व्हेरीस्लो' हा प्रीसेट (तयार सेटिंग्जचा संच) मात्र १६ संदर्भ फ्रेम मागतो. प्रत चांगली यावी म्हणून सर्वांत संथ प्रीसेट निवडणाऱ्यांच्या फाइली प्लेअरवर काळ्या दिसतात, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. संथ प्रीसेट खुशाल वापरावा, पण त्याच्या जोडीला 'रेफ' (संदर्भ फ्रेम) ४ आणि 'बीफ्रेम्स' (मागच्या-पुढच्या फ्रेमवरून बनणाऱ्या फ्रेम) ३ हे आकडे स्पष्टपणे लिहावेत.

लेव्हल ४.१ वापरताना प्रत्येक फ्रेम किमान चार स्लाइसमध्ये, म्हणजे आडव्या तुकड्यांत, विभागलेली असावी, असाही नियम आहे. त्यासाठी 'स्लाइसेस' ४ द्यावे. अनेक प्लेअर याकडे काणाडोळा करतात, काही करत नाहीत, आणि आपल्या हाती आलेला प्लेअर कोणत्या गटातला आहे हे आधी कळत नसल्यामुळे नियम पाळलेला बरा.

एक्स२६४ ला २०१० मध्ये ब्लू-रेसाठी लागणारी वैशिष्ट्ये मिळाली आणि पुढे 'ब्लूरे-कॉम्पॅट' हा पर्याय आला. तो बी-फ्रेम, संदर्भ फ्रेम, वेटेड प्रेडिक्शन (उजेडातल्या बदलाचा अंदाज) अशा अनेक गोष्टींना आवर घालतो आणि बफरची माहिती प्रवाहात लिहितो. तरीही तो एकटा लावून भागत नाही. कमाल बिटरेट, बफर, कीइंट, लेव्हल आणि स्लाइस हे आकडे तो आपणहून भरत नाही. शिवाय बफरचे आकडे दिलेले नसतील तर त्याला बफरची माहिती लिहिताच येत नाही आणि एन्कोडर केवळ एक इशारा छापून पुढे जातो. ग्राफिक्स कार्डातले एन्कोडर कितीही वेगवान असले तरी या सर्व अटींवर इतके बारीक नियंत्रण देतीलच असे नाही, म्हणून डिस्कसाठी सॉफ्टवेअर एन्कोडरच वापरावा.

आणखी एका फसव्या सोयीपासून सावध राहावे. टीएसमक्सरसारख्या मक्सिंगच्या (व्हिडिओ व आवाज एकत्र जोडण्याच्या) सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल बदलून ४.१ करण्याचा पर्याय असतो. त्याने फक्त फाइलवरची नोंद बदलते. १६ संदर्भ फ्रेम १६ च राहतात, बिटरेटची शिखरे होती तेवढीच राहतात, आणि आता मीडियाइन्फोमध्येही सगळे आलबेल दिसू लागल्यामुळे खरा दोष शोधणे जास्त कठीण होते.

पायरी ६: बिटरेट काढणे आणि दोन फेऱ्या

एकपदरी डिस्कवर सुमारे २५ अब्ज बाइट मावतात; काही संगणक हीच जागा २३.३ जीबी अशी दाखवतात, त्याने गोंधळून जाऊ नये. डिस्कची रचना आणि पॅकेटांचा वाढीव भार यांसाठी जागा सोडून २३.५ अब्ज बाइट धरावेत. दोन तासांच्या, म्हणजे ७,२०० सेकंदांच्या कार्यक्रमासाठी २३.५ अब्जला ८ ने गुणून ७,२०० ने भागले की सेकंदाला सुमारे २६,१०० किलोबिट मिळतात. त्यातून आवाजाचे ६४० वजा करून व्हिडिओला २५,००० द्यावेत. कार्यक्रम अर्ध्या तासाचाच असेल तर हिशेब ४०,००० च्याही पुढे जातो, पण म्हणून सरासरी तेवढी चढवू नये. बहुतेक चित्रीकरणाला २५,००० पुरून उरतात.

दोन फेऱ्यांच्या पद्धतीत कीइंट, बी-फ्रेम, ओपन-जीओपी (फ्रेमच्या गटांची रचना) आणि ब्लूरे-कॉम्पॅट ही सेटिंग्ज दोन्ही फेऱ्यांत सारखीच ठेवावीत. पहिल्या फेरीत एखादी राहून गेली तर दुसरी फेरी त्रुटी दाखवून थांबते, आणि मग फक्त दुसरी दुरुस्त करून चालत नाही. पहिली पुन्हा करावी लागते.

रंगांबाबत थोडक्यात: एचडी आकारांसाठी कलरप्रिम, ट्रान्सफर आणि कलरमॅट्रिक्स या तिन्ही ठिकाणी बीटी७०९ (एचडीचे रंगांचे मानक) लिहावे आणि चित्र १६ ते २३५ या मर्यादित पल्ल्यात असावे. काळे भाग एकदम गडद होऊन तपशील हरवत असतील किंवा सगळे चित्र फिकट दिसत असेल तर पल्ला चुकला आहे. जुन्या टीव्ही आकाराचे चित्र मोठे केले असेल तर नुसती नोंद बदलून भागत नाही, रंगांचे रूपांतरही करावे लागते.

पायरी ७: आवाज

चित्र आहे आणि आवाज नाही, असे झाले तर नव्वद टक्के वेळा आवाज एएसीमध्ये असतो, असे म्हटले तरी चालेल; फोन, कॅमेरे आणि इंटरनेटवरच्या फाइली तोच वापरतात आणि ब्लू-रेत तो बसत नाही. एमपी३ आणि ओपसही बसत नाहीत. प्रत्येक प्लेअरला उलगडता यायलाच हवेत असे तीन फॉरमॅट आहेत: असंपीडित एलपीसीएम, डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस. नवख्यांनी डॉल्बी डिजिटल निवडावा, सॅम्पलिंग रेट ४८,००० हर्ट्झ करावा आणि बिटरेट ५.१ साठी ६४० किलोबिट, दोन वाहिन्यांसाठी १९२ ते २५६ किलोबिट ठेवावा. ४४,१०० हर्ट्झचा आवाज तसाच जोडू नये. हे रूपांतर काही मिनिटांत होते आणि व्हिडिओला हात लावावा लागत नाही.

आवाज हळूहळू सरकत असेल तर तो किती सरकतो ते मोजावे. तासाला ३.६ सेकंदांच्या आसपास फरक पडत असेल तर कुठेतरी २४ आणि २३.९७६, किंवा ३० आणि २९.९७ यांची अदलाबदल झाली आहे. या जोड्यांमध्ये हजारात एक एवढाच फरक असतो. मक्सिंगच्या वेळी फ्रेमरेटची नोंद हाताने बदलली की हेच घडते. फरक नियमित नसून मध्येच वाढत, मध्येच घटत असेल तर मूळ फाइलचा बदलता फ्रेमरेट स्थिर करायचा राहून गेला आहे.

पायरी ८: मक्सिंग आणि डिस्क लिहिणे

टीएसमक्सरमध्ये व्हिडिओ आणि आवाज जोडून, साध्या फाइलऐवजी ब्लू-रे फोल्डर किंवा ब्लू-रे आयएसओ हा पर्याय निवडावा. फोल्डर निवडल्यास 'बीडीएमव्ही' आणि 'सर्टिफिकेट' असे दोन फोल्डर तयार होतात. बीडीएमव्हीच्या आत 'स्ट्रीम', 'प्लेलिस्ट' आणि 'क्लिपइन्फ' असतात आणि व्हिडिओ एम२टीएस फाइलच्या रूपात स्ट्रीममध्ये जातो. उपशीर्षके चित्ररूपात, पीजीएस फॉरमॅटमध्येच द्यावीत. एसआरटी ही मजकूररूपी उपशीर्षकांची फाइल नुसती बाजूला ठेवली तर डिस्कवर ती दिसत नाही.

लिहिताना होणारी सर्वांत सामान्य गफलत अशी, की बीडीएमव्ही आणि सर्टिफिकेट हे फोल्डर ज्या फोल्डरमध्ये ठेवले आहेत तो बाहेरचा फोल्डरच डिस्कवर जातो. मग बीडीएमव्ही एक पातळी आत राहतो आणि प्लेअरला तो सापडत नाही. हे दोन फोल्डर डिस्कच्या मुळाशीच असायला हवेत आणि फाइल सिस्टिम यूडीएफ २.५० असायला हवी. इमगबर्न या डिस्क लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती निवडता येते. कोऱ्या डिस्क घेताना वेष्टणावर 'एलटीएच' असे लिहिले आहे का, ते पाहावे. या प्रकारच्या डिस्क काही जुन्या प्लेअरना वाचता येत नाहीत.

पायरी ९: छोटी चाचणी

पूर्ण कार्यक्रम एन्कोड करण्यापूर्वी त्यातला सर्वांत कठीण असा दोन-तीन मिनिटांचा तुकडा काढावा, ज्यात जोरदार हालचाल आणि अंधारातून उजेडात जाणारे दृश्य असेल. त्याच सेटिंग्जनी तो एन्कोड करून पुन्हा लिहिता येणाऱ्या बीडी-आरई डिस्कवर लिहावा आणि प्रत्यक्ष प्लेअरवर पाहावा. आपला प्लेअर बीडी-आरई वाचतो का, हे आधी पाहून घ्यावे. दोष दिसला तर एका वेळी एकच सेटिंग बदलावे आणि काय बदलले ते लिहून ठेवावे; तीन गोष्टी एकदम बदलल्या आणि डिस्क चालली तर कोणत्या बदलामुळे चालली हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी सगळे पुन्हा मुळापासून करावे लागते.

डिस्क दुसऱ्या कोणाला पाठवायची असेल तर आणखी एक विचार करावा. ज्या देशांत टीव्हीची पद्धत ६० हर्ट्झची आहे, तिथे विकले गेलेले पुष्कळ प्लेअर २५ आणि ५० फ्रेमच्या डिस्क चालवत नाहीत. चित्रीकरण अजून व्हायचे असेल आणि कॅमेऱ्यात सोय असेल तर ते २३.९७६ फ्रेममध्येच करावे; हा फ्रेमरेट सगळीकडे चालतो आणि त्यात इंटरलेसिंगचा प्रश्नही उद्भवत नाही.

चाचणी पार पडली की पूर्ण कार्यक्रम एन्कोड करून एकदाच लिहिता येणाऱ्या बीडी-आर डिस्कवर मध्यम वेगाने लिहावा आणि लिहून झाल्यावर पडताळणीचा पर्याय चालू ठेवावा. एकपदरी डिस्क आतून बाहेर लिहिली जाते आणि लिहिण्यातले दोष बाहेरच्या कडेकडे अधिक आढळतात. त्यामुळे डिस्क जवळजवळ भरली असेल तर नुसती सुरुवात पाहून समाधान मानू नये. प्लेअरवर शेवटच्या वीस मिनिटांत जाऊन दोन-तीन ठिकाणी पुढे-मागे करून पाहावे.